छताला टेकलेलं रबराचं झाड आणि बाबांची खोली

पत्र थोडक्यात: वाचक ३६ वर्षांचे आहेत. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, नोकरी बरीचशी घरूनच. २०२० च्या टाळेबंदीत चार कुंड्या आणल्या होत्या, आज १९ आहेत. मागची दहा बाय दहाची खोली झाडांनी भरली आहे. छताला टेकून वाकलेलं रबराचं झाड, पाच फूट पसरलेला मॉन्स्टेरा, दोन एरिका पाम, पडद्याच्या दांडीवरून फिरून आलेला मनीप्लांट आणि बाकी लहानसहान. वडील निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर बाग वाट्याने दिली, आणि ऑगस्टअखेर ते कायमचे मुलाकडे येत आहेत. ही खोली त्यांना द्यायची आहे. पत्नी म्हणते, निम्मी झाडं देऊन टाक, उरलेली छाट. वाचकांनी दोनदा कात्री हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. ते लिहितात: ‘पानं पुसून पुसून वाढवलेलं झाड अर्ध्यात तोडायचं म्हणजे खून केल्यासारखं वाटतं. एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये असं सगळीकडे वाचलंय, मला तर अर्ध्याहून जास्त कापावं लागेल. मेलं तर? शिवाय झाडांमुळे हवा शुद्ध राहते, ती बाबांनाही हवीच ना? झाडं की बाबा, असा प्रश्न माझ्यावर का यावा?’

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा झाडांसाठी वाचलं, दुसऱ्यांदा बाबांसाठी. रबराच्या झाडाला ४१ पानं आहेत हे तुम्ही मोजून लिहिलंय. त्या मोजण्यातली माया मला समजते, तिच्याकडे मी दोष म्हणून बघत नाही. पण बाबांबद्दल पत्रात दोनच ओळी आहेत, आणि तुमच्या अडचणीचं उत्तर मला त्या दोन ओळींतच दिसतंय. तिथे येतेच. आधी खोलीचं बोलू.

‘झाडं की बाबा’ असा प्रश्न तुमच्यासमोर खरं तर नाहीच. प्रश्न आहे शंभर चौरस फुटांचा. टेप घ्या आणि मोजा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुरुवातीला वॉकर लागतो, पुढे काठी. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, म्हणजे पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून संडास-बाथरूमपर्यंत तीन फुटांची मोकळी वाट हवी. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत चालता येईल अशी. या वाटेवर कुंडी नको, कुंडीखालची ताटली नको, मनीप्लांटची लोंबती फांदी नको. गुळगुळीत टाइलवर सांडलेलं वाटीभर पाणी तुमच्या-माझ्यासाठी पुसून टाकायची गोष्ट असते, नवा गुडघा घेतलेल्या माणसासाठी ती पुन्हा इस्पितळात जायची गोष्ट ठरू शकते. पलंग, कपाट, खुर्ची आणि ही वाट खडूने जमिनीवर आखा. उरलेली जागा झाडांची. बहुतेक खिडकीखालचा एक पट्टा आणि एक कोपरा उरेल. आता कुठलं झाड किती ठेवायचं हे त्या पट्ट्याकडे बघून ठरवा. झाडाकडे बघून ठरवायला गेलात तर कात्री तिसऱ्यांदाही खाली ठेवाल.

आता खुनाबद्दल. हा शब्द तुम्ही लिहिलात आणि मला निफाडचा एप्रिल आठवला. द्राक्षाचा हंगाम संपला की खरड छाटणी होते. वर्षभर वाढलेल्या काड्या ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (जिथून नवा फुटवा येतो ते) ठेवून कापून टाकतात. चार दिवस बाग अशी दिसते की नवख्या माणसाला वाटावं, संपलं सगळं. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, पुन्हा कात्री. तुम्ही हे लहानपणापासून दरवर्षी बघितलंय, त्या छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या उचलल्या असतील. त्याला घरात कोणी खून म्हटलं नाही. कारण कापणाऱ्याला डोळा कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि त्या डोळ्यातून काय फुटणार हेही.

घरातल्या बहुतेक झाडांचं गणित हेच आहे. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा आहे तोवर झाड एकाच दिशेने, वर पळतं. शेंडा काढला की तो दाब उठतो आणि कापाच्या खालचे दोन-तीन डोळे जागे होतात. रबराच्या खोडावर पान गळून गेल्याची जी आडवी खूण असते तिच्या लगेच वर बोट फिरवून बघा. मोहरीएवढा उंचवटा लागेल. कापल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तोच उंचवटा फुगतो, टोकदार होतो, तांबूस होतो आणि मग एका लालसर पापुद्र्यात गुंडाळलेलं पहिलं पान त्यातून बाहेर येतं. तो पापुद्रा गळून पडताना एकदा बघितलात की कात्रीची भीती बरीचशी जाईल.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे, की झाड छताला टेकलं म्हणजे ते जोमात आहे. वर्णनावरून मला तसं वाटत नाही. खालचं तीन-चार फूट खोड उघडं, पानांमधलं अंतर वाढत गेलेलं, शेंडा खिडकीकडे वाकलेला, ही उजेडाच्या शोधात निघालेल्या झाडाची लक्षणं आहेत. मागच्या खोलीत एकच खिडकी, तिच्यासमोर मनीप्लांटचा पडदा, आणि मागे बाकी सगळ्यांची गर्दी. एकमेकांच्या सावलीत सगळी लांबत गेली. म्हणून संख्या कमी करणं हे बाबांसाठी झाडांवर केलेलं संकट समजू नका. १९ पैकी ९ राहिली तर त्या नऊंना पहिल्यांदाच पोटभर उजेड मिळेल. आणि उजेड न वाढवता नुसतं छाटलंत, तर दीड-दोन वर्षांत पुन्हा तेच लांबलेलं, बारीक खोड समोर उभं राहील.

सगळ्या झाडांना एकच नियम लावू नका. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त झाडं या एका चुकीने गेलेली असतात.

रबराच्या झाडापासून सुरुवात करा, कारण तुमचा जीव त्याच्यात अडकलाय. त्याचा शेंडा फेकायची गरज नाही, त्याची गुटी बांधा. डाळिंबाची रोपं ज्या पद्धतीने करतात तीच ही गुटी. शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, दोन पानांच्या मधल्या जागी, खोडाभोवती इंचभर रुंदीची साल धारदार ब्लेडने गोल काढायची. पांढरा चीक भळाभळा येईल. घाबरू नका, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि ओल्या फडक्याने टिपत राहा, थोड्या वेळाने थांबतो. हातमोजे घालाच. हा चीक कातडीला चुणचुणतो, आणि ज्यांना रबराच्या मोज्यांची ॲलर्जी असते त्यांना जास्तच त्रास देतो. तसं असेल तर प्लास्टिकचे मोजे घ्या. डोळ्यांना हात लावू नका. सालीखालचा गुळगुळीत थर हलकेच खरवडा, वरच्या काठाला मुळं फुटायची पावडर लावा, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (सुकं शेवाळ) मूठभर गुंडाळा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक लावून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. पावसाळ्यातली दमट हवा यासाठी उत्तम. चार ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. तेव्हा गुटीच्या खाली कापायचं आणि वरचा भाग सरळ छोट्या कुंडीत लावायचा. तुमच्या ४१ पानांतली बरीचशी तशीच राहतील, फक्त दोन फुटांच्या उंचीवर.

उरलेलं खोड एका दमात गुडघ्याएवढं करू नका. निदान चार-सहा पानं राहतील एवढ्या उंचीवर आत्ता थांबा. बाजूने फुटवे येऊन स्थिरावले की पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी छाटणी करून हवं तेवढं खाली आणा. उघड्या खोडालाही फूट येते, पण एकही पान नसलेल्या झाडाला सगळं मुळांतल्या साठ्यावर भागवावं लागतं. ते सोसणारं झाड असलं तरी त्याच्यावर ती वेळ आणायचं काही कारण नाही.

‘एक तृतीयांश’चा नियम इथेच समजून घ्या. पान हे झाडाचं स्वयंपाकघर. निम्मी पानं गेली की निम्मा स्वयंपाक गेला, म्हणून अशक्त, रोगट किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला हा नियम काटेकोर पाळा. धडधाकट रबर, मॉन्स्टेरा आणि मनीप्लांट वाढीच्या दिवसांत याहून बरंच जास्त सोसतात. आपल्याकडे हे दिवस म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा, आणि मग जून ते सप्टेंबर. मे महिन्याच्या कोरड्या झळांमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र मोठी छाटणी करू नये. तुमची वेळ चुकलेली नाही.

मॉन्स्टेरा म्हणजे आपल्या अळूच्या घरातला. मनीप्लांट आणि डिफेनबेकियाही त्याच कुळातले. अळू चिरताना हाताला खाज का सुटते हे ज्याला माहीत आहे त्याला यांच्या रसाचं वेगळं सांगायला नको. मॉन्स्टेराच्या खोडावर जिथून पान निघतं त्या पेराला एक डोळा असतो, आणि बहुतेक ठिकाणी हवेत लोंबणारं तपकिरी मूळही. उसाचं बेणं करताना प्रत्येक टिपरीवर डोळा राहील असं बघतात, तसंच इथे दोन पेरांच्या मधोमध कापायचं, म्हणजे वरच्या तुकड्यालाही डोळा राहतो आणि खालच्या खुंटालाही. नुसतं सुंदर पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतीलही, पण डोळ्याशिवाय त्याचं झाड कधीच होणार नाही. पसारा कमी करायचा असेल तर मॉसच्या काठीला बांधून वर न्या, जमिनीवरची पाच फुटांची पसरण दोन-अडीच फुटांवर येते.

एरिका पामपाशी मात्र हात जोडून सांगते, शेंडा कापू नका. नारळ, सुपारी आणि हा, सगळे एकाच कुळातले. गेंड्या भुंग्याने नारळाचा कोंब पुरता खाल्ला की झाड जातं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एरिकाच्या प्रत्येक काठीला वाढीचा एकच कोंब असतो, तो गेला की ती काठी गेली, बाजूने काही फुटत नाही. उंची कमी करायची म्हणून वरून सपाट कापलेले एरिका मी बघितलेत, दोन-तीन महिन्यांत वाळून जातात. याच्या बाबतीत सगळ्यात उंच काठ्या जमिनीलगत पूर्ण काढायच्या आणि मधल्या-बुटक्या ठेवायच्या. दोनपैकी एक एरिका देऊन टाकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी, छपराखाली, तो सुखाने वाढेल.

मनीप्लांटला हवं तिथे कापा. प्रत्येक पेराशी डोळा आहे, बाटलीत ठेवा, वाटा.

स्नेक प्लांट असेल तर गड्डे वेगळे करून दोन कुंड्या करा. पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून लावलं तर नव्या रोपाला तो पिवळा काठ येत नाही, म्हणून गड्ड्यानेच वाढवा.

कात्री धारदार हवी आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली हवी. कापावर हळद लावतात, लावली तर नुकसान नाही, न लावली तरी चालतं. काप सुकू द्या, एवढं पुरे. खरी चूक होते ती नंतर. छाटलेल्या झाडाची दया येऊन लोक त्याला जास्त पाणी आणि खत घालतात. पानं निम्मी झाली म्हणजे झाडाचं पाणी ओढणंही कमी झालं, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. झाड मग छाटणीने गेलं असं आपण म्हणतो. बोट दोन इंच मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, आणि नवा फुटवा बोटभर होईपर्यंत खत बंद. त्याच दिवशी कुंडीही बदलू नका, दोन-तीन महिने थांबा. एकदम कडक उन्हातही नेऊ नका, आतापर्यंत सावलीत राहिलेली पानं भाजतात.

हवेबद्दल. झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत पसरली ती नासाच्या १९८९ च्या प्रयोगांमुळे. ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे बरेच जुने प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत एरवी जी हवा ये-जा करते तिच्याएवढं काम करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब निघाला. तेव्हा बाबांच्या हवेसाठी खिडकी उघडी राहील असं बघा. झाडं ठेवा ती डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून, तेवढं कारण पुरेसं आहे. आणि ताटल्यांमधलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतं ते कुंड्यांनाही लागू आहे.

उरलेल्या आठ-दहा कुंड्या द्यायच्या कोणाला, हे जागा शोधून ठरवा, माणूस शोधून नाही. खिडकी आहे का, पाणी घालणारं कोणी आहे का, एवढं विचारा. ‘मी कधी न्यायला येऊ’ असं विचारणाऱ्याला द्या, ‘आणून ठेव कधीतरी’ म्हणणाऱ्याला नको. पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ‘निम्मी’ हा आकडा खडूच्या रेघेवरून येऊ द्या. त्यांनाही टेप धरायला बोलवा. इतकी वर्षं या घरात तुमच्या झाडांमधून वाट काढत त्याही चालल्या आहेत.

आणि आता त्या दोन ओळी. बाग वाट्याने दिली, असं तुम्ही लिहिलंत, आणि लगेच पुढे पलंगाच्या मापाकडे वळलात. वर्षातून दोन छाटण्या, मधली विरळणी, शेंडे खुडणं, आणि रात्री गारपिटीच्या धास्तीने उठून आभाळ बघणं, यात ज्याचा जन्म गेला तो माणूस पुण्याच्या फ्लॅटमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत येतोय. त्यांच्यासाठी खोली रिकामी करण्याच्या घाईत तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का, खोलीत झाडं चालतील का? पत्रात तसं दिसत नाही. झाडं हा बाबांना अडथळा होईल असं तुम्ही आणि पत्नी दोघांनी धरून चालला आहात. मला वाटतं, तुम्हाला माहीत असलेल्या माणसांत डोळा ओळखणारा, किती ठेवून कापावं हे हाताने सांगणारा माणूस एकच आहे, आणि छाटणीबद्दल तुम्ही मला विचारताय.

कदाचित ते म्हणतील, ही शोभेची झाडं, यांना ना फळ ना फूल, काढून टाक. म्हणू देत. शेतकऱ्याला तसं म्हणायचा हक्क आहे, आणि मग वरच्या मजकुरावर तुम्ही तुमचं निभावून न्याल. जबरदस्तीने त्यांच्या गळ्यात काम मारू नका, ‘बाबांना विरंगुळा’ असं तर त्यांच्यासमोर म्हणूच नका. छाटणी हा त्यांचा धंदा होता. अडलंय म्हणून विचारा, कारण तुमचं खरंच अडलंय. आज संध्याकाळी फोन करून रबराच्या झाडाचा फोटो पाठवा आणि गुटी कुठे बांधू, एवढंच विचारा. फोटो काढताना खोडाशेजारी मोजपट्टी धरा, त्यांना अंदाज येईल.

ते येईपर्यंत मनीप्लांट आणि मॉन्स्टेरा तुम्ही उरकून घ्या, हात बसेल. एरिकाच्या उंच काठ्या काढा. खोलीतली वाट मोकळी करा. रबराचं झाड तेवढं हॉलच्या कोपऱ्यात उभं राहू द्या, गुटी बांधलेलं. ऑगस्टअखेर प्लास्टिकमधून मुळं दिसायला लागलेली असतील. जागा सांगितली त्यांनी, बांधलीत तुम्ही. खुर्ची जवळ ओढून द्या, कात्री पुसून त्यांच्या हातात द्या, आणि खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका.